देशोदेशीच्या जनसंपर्क आचारसंहिता : तुलना करताना बोट कुठे ठेवायचं

जनसंपर्काची कोणत्याही देशातली आचारसंहिता उघडा, पहिल्याच पानावर सचोटी भेटते. मग प्रामाणिकपणा, मग गोपनीयता, मग व्यवसायाची प्रतिष्ठा. चार देशांच्या संहिता शेजारी शेजारी मांडल्या की तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत 'आहे' असंच लिहावं लागतं. मी पहिल्यांदा अशी तुलना केली तेव्हा नेमकं हेच झालं. ज्या एजन्सीत मी काम करत होतो तिला एकच मोहीम चार देशांत चालवायची होती आणि नियमांचं टिपण माझ्याकडे होतं. 'चारही ठिकाणचे नियम जवळपास सारखे आहेत' असं मी लिहून दिलं. आठवडाभरात प्रश्न येऊ लागले. कारखाना पाहायला येणाऱ्या पत्रकारांचं विमानभाडं आपण द्यायचं का? आपल्याला पाठिंबा देणाऱ्या नागरिक मंचाचा खर्च आपला क्लायंट उचलतो, हे त्या मंचाच्या पत्रकावर छापायचं का? स्थानिक एजन्सीला छापून आलेल्या बातम्यांच्या संख्येवर पैसे द्यायचे का? माझ्या टिपणात यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं, आणि चार देशांतले सहकारी चार वेगवेगळी उत्तरं देत होते.

तेव्हापासून मी संहितांची तुलना मूल्यांवरून करत नाही. मूल्यांवर सगळ्यांचं एकमत असतंच. फरक चार जागी असतो : संहिता कोणाला बांधते, कोणत्या शब्दांनी बांधते, तक्रार कोण करू शकतं आणि तक्रार खरी ठरली तर पुढे काय होतं. खालची पद्धत या चार प्रश्नांभोवती उभी आहे. एकापेक्षा जास्त देशांत काम करणाऱ्या एजन्सीला, कंपनीची स्वतःची संहिता लिहायला बसलेल्या जनसंपर्क अधिकाऱ्याला किंवा या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ती सारखीच वापरता येईल.

पायरी 1 : आधी प्रश्न, मग संहिता

तुलना कशासाठी करताय, हे एका वाक्यात लिहा. 'जर्मनी आणि अमेरिकेत प्रायोजकाचं नाव उघड करण्याचे नियम किती वेगळे आहेत?' हा चांगला प्रश्न. 'जगभरातल्या संहितांचा आढावा' हा प्रश्नच नव्हे. त्यातून पुन्हा तोच 'आहे-आहे-आहे' असा तक्ता निघतो. प्रश्न अरुंद ठेवला तर देश तीन-चार पुरतात, आणि त्या तीन-चारांत वेगवेगळ्या धाटणीच्या व्यवस्था निवडणं जास्त महत्त्वाचं. कोणत्या धाटणी, ते तिसऱ्या पायरीत येईल.

पायरी 2 : संहितेची वंशावळ काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. दोन देशांच्या संहितांत एकसारखी वाक्यं सापडली की आपण म्हणतो, 'पाहा, दोन्ही देशांत हाच विचार आहे.' पण दोन्ही देशांनी ती एकाच मूळ दस्तऐवजातून घेतलेली असू शकतात. मग ते दोन देशांचं स्वतंत्र मत राहत नाही, एकाच मताच्या दोन प्रती ठरतात.

मुख्य घराणी माहीत असली की हे लगेच ओळखता येतं. आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटना, म्हणजे आयपीआरए, 1955 मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. तिने 1961 मध्ये व्हेनिसला पहिली आचारसंहिता स्वीकारली. 1965 मध्ये अथेन्सची संहिता आली. तिचे शिल्पकार होते फ्रान्सचे ल्युसियाँ मात्रा. 2007 मध्ये सरकारी धोरणांशी संबंधित कामासाठी ब्रुसेल्सची संहिता झाली, आणि 2011 मध्ये या तिन्हींना एकत्र करून 18 कलमांची एकच संहिता तयार झाली. युरोपातल्या जनसंपर्क संघटनांच्या महासंघाने 1978 मध्ये लिस्बनची संहिता केली. सल्लागार कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, आयसीसीओचा, स्टॉकहोम चार्टर 2003 चा आणि हेलसिंकी जाहीरनामा 2017 चा. ग्लोबल अलायन्स या राष्ट्रीय संघटनांच्या संघाने 2018 मध्ये 16 तत्त्वं मांडली.

आता राष्ट्रीय संहिता यात कुठे बसतात ते पाहा. भारतातली पब्लिक रिलेशन्स सोसायटी 1958 ची. तिने 21 एप्रिल 1968 रोजी दिल्लीतल्या परिषदेत आयपीआरएची संहिता स्वीकारली, म्हणून तो दिवस पुढे राष्ट्रीय जनसंपर्क दिन झाला. ही थेट स्वीकारलेली संहिता. उलट अमेरिकेतली पब्लिक रिलेशन्स सोसायटी, पीआरएसए, 1947 ची. तिची 1950 पासूनची स्वतःची परंपरा आहे आणि सध्याच्या संहितेचा सांगाडा 2000 सालचा. भारताची आणि अमेरिकेची संहिता शेजारी ठेवताना हे लक्षात नसेल, तर आयपीआरएच्या युरोपीय विचाराला आपण भारतीय विचार म्हणून मोकळे होऊ.

प्रत्येक संहितेच्या प्रतीवर तीन गोष्टी लिहून ठेवा : कोणत्या वर्षाची आवृत्ती, मूळ भाषा कोणती, कोणत्या संहितेवरून घेतली. आवृत्ती चुकली की निष्कर्ष चुकतो. 1961 च्या व्हेनिस संहितेत, निकालावर अवलंबून असलेली फी क्लायंटपुढे ठेवू नये, असा नियम होता. 2011 च्या संहितेतलं मोबदल्याचं कलम वेगळीच गोष्ट सांगतं : ज्याचं काम करताय त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून त्या कामाचे पैसे घेऊ नका. जुन्या पाठ्यपुस्तकातून व्हेनिसचा नियम उचलून 'आयपीआरए असं म्हणते' असं लिहिलेले लेख मी पाहिले आहेत.

भाषेचंही तसंच. जर्मन संहितेतला एक शब्द आहे 'वाहरहाफ्टिगकाइट'. इंग्रजी अनुवादातून वाचला तर तो साधा 'सत्य' वाटतो. पण त्याचा रोख सत्यनिष्ठेवर आहे : बोलणाऱ्याने जाणूनबुजून खोटं पसरवू नये, हाती आलेली माहिती पारखून घ्यावी. सत्य हे माहितीचं लक्षण, सत्यनिष्ठा हे माणसाचं. तक्रार आली की हा फरक फार मोठा होतो, कारण चुकीची माहिती चुकून देणारा आणि ठरवून देणारा यांना वेगळं काढावं लागतं.

पायरी 3 : कोण बांधलं गेलंय?

माझ्या मते तुलनेतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना हाच, आणि तो बहुतेक तक्त्यांत नसतो. जगातल्या व्यवस्था ढोबळपणे चार धाटणीच्या आहेत.

पहिली, व्यक्तीला बांधणारी. अमेरिकेची पीआरएसए आणि ब्रिटनची चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक रिलेशन्स, म्हणजे सीआयपीआर, या व्यक्तींच्या संस्था. सीआयपीआरची मूळ संस्था 1948 ची, 2005 मध्ये तिला रॉयल चार्टर, म्हणजे राजसनद, मिळाली. इथे संहिता सदस्याच्या नावाला चिकटते. सदस्य नसलेल्याला ती लागू नाही, आणि सदस्यत्व सोडलेला माणूसही तिच्या बाहेर जातो. ही पळवाट कागदावरची नाही. 1986 मध्ये पीआरएसएच्या तत्कालीन अध्यक्षांनाच शेअर-व्यवहाराच्या प्रकरणावरून पद सोडावं लागलं होतं. तेव्हा, राजीनामा देऊन बाहेर पडणाऱ्यापुढे सदस्यांची संहिता काय करणार, हा प्रश्न अगदी उघडा पडला.

दुसरी, कंपनीला बांधणारी. ब्रिटनमध्येच पीआरसीए ही 1969 ची दुसरी संघटना आहे. ती सल्लागार कंपन्यांची म्हणून सुरू झाली आणि कंपनीवर कारवाई करू शकते. म्हणजे 'ब्रिटनची संहिता' असं एकवचनात बोलताच येत नाही. कोणत्या संघटनेची, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी, सदस्य असो वा नसो, सगळ्यांकडे पाहणारी. जर्मनीची जनसंपर्क परिषद, डीआरपीआर, 1987 मध्ये स्थापन झाली. व्यवसायातल्या संघटनांनी मिळून ती चालवली आहे, आणि सदस्य नसलेल्या कंपनीच्या वागणुकीवरही ती जाहीर निर्णय देऊ शकते. दंड करण्याची सत्ता तिच्याकडे नाही. हातात आहे ती जाहीर ताशेऱ्याची. ऑस्ट्रियातही 2008 पासून अशी नीतिपरिषद आहे.

चौथी, कायद्याने बांधणारी. ब्राझीलमध्ये 11 डिसेंबर 1967 च्या 5377 क्रमांकाच्या कायद्याने जनसंपर्क हा नियमित व्यवसाय ठरवला. त्या विषयाची पदवी आणि परिषदेकडे नोंदणी लागते. नायजेरियात 1963 च्या संस्थेला 1990 च्या 16 क्रमांकाच्या आदेशाने वैधानिक दर्जा मिळाला. तिथे नोंदणीशिवाय जनसंपर्काचा व्यवसाय करणं हा कायद्याचा भंग आहे. अशा देशांत संहितेचा भंग केला तर व्यवसायाचा हक्कच धोक्यात येतो. क्लबाचं सदस्यत्व जाण्याइतकं ते सोपं नाही.

कायद्याची संहिता म्हणजे आपोआप चांगली संहिता, असं मात्र मी मानत नाही. व्यवसाय करायला परवाना लागतो तिथे तो परवाना कोण देतं आणि कोणाचा काढून घेतं, हा प्रश्न लगेच उभा राहतो. सरकारवर टीका करणाऱ्या संस्थेचा जनसंपर्क करणाऱ्याला त्याची झळ बसू शकते. म्हणून या रकान्यात 'कायद्याने बंधनकारक' इतकं लिहून थांबू नका. शेजारी परिषद कोण नेमतं तेही लिहा.

पायरी 4 : क्रियापदं वाचा

संहितेतली नामं सोडा आणि क्रियापदांखाली रेघ मारा. अथेन्सची संहिता यासाठी उत्तम सराव आहे, कारण तिची रचनाच क्रियापदांवर उभी आहे. तिची 13 कलमं तीन गटांत आहेत. पहिल्या चार कलमांत सदस्य 'प्रयत्न करील'. पाचव्या ते नवव्या कलमांत सदस्य 'हमी घेईल'. दहाव्या ते तेराव्या कलमांत सदस्य 'टाळील'. पहिल्या गटातलं काही मोडलं असं सिद्ध करणं जवळपास अशक्य, कारण प्रयत्न केला नाही हे दाखवायचं कसं? शेवटच्या गटातलं मात्र दाखवता येतं : सत्याला दुसऱ्या गरजांच्या खाली ठेवणं, पडताळता न येणाऱ्या गोष्टी पसरवणं, माणसाच्या इच्छाशक्तीला डावलून नेणिवेतल्या प्रेरणा हाताळणारी तंत्रं वापरणं. हे शेवटचं कलम 1965 सालचं आहे. वापरणाऱ्याच्या सवयी टिपून त्याच्यापुढे मजकूर सरकवण्याच्या आजच्या तंत्रांना ते किती चपखल लागू पडतं, हे पाहून मी आजही थबकतो.

क्रियापदांनंतर क्रम पाहा. पीआरएसएच्या संहितेत सहा मूल्यं आहेत आणि त्यांत पहिलं आहे 'पक्ष मांडणं', प्रामाणिकपणा दुसरा. त्यापुढे कौशल्य, स्वातंत्र्य, निष्ठा, न्याय्य वागणूक. वकिलाप्रमाणे जबाबदारीने आपल्या क्लायंटची बाजू मांडणं हे लोकहिताचंच काम आहे, अशी त्यामागची धारणा. 2012 च्या जर्मन संहितेचे मथळे वेगळे आहेत : पारदर्शकता, सचोटी, न्याय्य वागणूक, सत्यनिष्ठा, निष्ठा, व्यावसायिकता. तिथे पारदर्शकता पुढे आहे आणि पक्ष मांडणं या नावाचं मूल्यच नाही. अथेन्सच्या संहितेचा पाया तिसराच. ती संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यापासून सुरू होते आणि माणसाच्या प्रतिष्ठेला केंद्रस्थानी ठेवते. एका संहितेला आपला माणूस बाजारातला प्रतिनिधी वाटतो, दुसरीला सार्वजनिक चर्चेतला आपली ओळख सांगून बोलणारा सहभागी, तिसरीला मानवी हक्कांना बांधलेला नागरिक. तक्त्यात हा फरक एका ओळीत लिहा. पुढच्या अनेक उत्तरांची किल्ली तिथे सापडते.

पायरी 5 : मोडली तर काय होतं?

इथे जरा वेळ द्या. संहितेची शेवटची पानं, तक्रारीची नियमावली आणि प्रसिद्ध झालेले निर्णय वाचल्याशिवाय हा रकाना भरू नका. मी पाच गोष्टी तपासतो.

- तक्रार फक्त सदस्य करू शकतो की कोणीही?
- परिषद स्वतःहून प्रकरण हाती घेऊ शकते का?
- चौकशी करणाऱ्यांत व्यवसायाबाहेरचं कोणी असतं का?
- शिक्षा कोणकोणत्या?
- निर्णय नावासकट जाहीर होतो का?

2000 साली पीआरएसएने संहिता नव्याने लिहिताना दंडात्मक अंमलबजावणीवरचा भर मुद्दाम काढून टाकला आणि शिकवण्यावर, समज देण्यावर भर दिला. सदस्याला काढून टाकण्याचा अधिकार संचालक मंडळाने राखून ठेवला आहे, पण सरकारी यंत्रणेने कारवाई केली असेल किंवा न्यायालयाने दोषी ठरवलं असेल, आणि ते कृत्य संहितेच्या विरोधात असेल, अशा प्रकरणांसाठी. याचा अर्थ असा की जे बेकायदा नाही पण अनैतिक आहे, त्या मोठ्या प्रदेशात सदस्याचा विवेक हाच पहारेकरी. काही अभ्यासकांना हा प्रामाणिक निर्णय वाटतो, कारण चौकशीचे अधिकार नसलेल्या संघटनेने न्यायालयाचा आव आणू नये. मला ते पटत नाही. समन्स काढता येत नसलं तरी जाहीरपणे 'हे चुकलं' म्हणता येतं, आणि तेवढ्यानेही फरक पडतो.

जर्मनीत तो पडलेला दिसतो. 2009 मध्ये उघड झालं की जर्मन रेल्वे कंपनी डॉइचे बानने 2007 मध्ये सुमारे 13 लाख युरो छुप्या जनसंपर्कावर खर्च केले होते. वाचकांची पत्रं, ऑनलाइन मजकूर, मतचाचण्या असं बरंच काही, ज्यावर पैसे देणाऱ्याचं नाव नव्हतं. लॉबीकंट्रोल या संस्थेने ते बाहेर काढलं आणि डीआरपीआरने जाहीर ताशेरा ओढला. दंड एक पैचाही नव्हता, पण नाव आणि कारण दोन्ही सर्वांसमोर होतं, आणि 'पाठवणाऱ्याचं नाव दिसलंच पाहिजे' हा नियम त्या देशात सगळ्यांच्या तोंडी बसला.

ब्रिटनचं 2017 चं प्रकरण आणखी वेगळं. लंडनच्या बेल पॉटिंजर या कंपनीने दक्षिण आफ्रिकेत गुप्ता कुटुंबाच्या ओकबे कंपनीसाठी चालवलेल्या मोहिमेने वांशिक तेढ वाढवली, अशी तक्रार तिथल्या डेमोक्रॅटिक अलायन्स या विरोधी पक्षाने पीआरसीएकडे केली. सप्टेंबर 2017 मध्ये पीआरसीएने कंपनीला किमान 5 वर्षांसाठी काढून टाकलं. क्लायंट पटापट निघून गेले आणि त्याच महिन्यात कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली.

तुलना करणाऱ्याने या प्रकरणातून दोन गोष्टी टिपाव्यात. एक, नुकसान एका देशात झालं आणि न्याय दुसऱ्या देशातल्या संघटनेकडे मागावा लागला. कंपनी ज्या संघटनेची सदस्य होती, तिथली संहिता कामाला आली. म्हणून बहुदेशीय मोहिमेत 'कुठे काम चाललंय' इतकंच विचारून भागत नाही. 'करणारा कुठल्या संघटनेचा सदस्य आहे' हेही विचारावं लागतं. दोन, शिक्षा ठरावीक वर्षांची होती, पण बाजाराने दिलेली शिक्षा कायमची ठरली. असा परिणाम प्रसिद्धी, राजकारण आणि घाबरलेले क्लायंट एकत्र आले तरच होतो. तक्त्यात 'पीआरसीए : कडक' असं लिहिण्याआधी हे आठवा.

पायरी 6 : एकच प्रसंग सगळ्या संहितांतून चालवा

आता खरी परीक्षा. दोन-तीन प्रसंग लिहा, अगदी नेमके : कोणी, कोणाला, काय, किती, कोणाला कळवून. मग प्रत्येक संहितेला विचारा, चालेल की नाही, आणि कोणत्या कलमाने. उत्तर मिळत नसेल तर 'मौन' असं लिहा. मौन हे सुद्धा उत्तर असतं.

पहिला प्रसंग भेटवस्तूचा. पीआरएसएची संहिता भेटवस्तूंना पूर्ण बंदी करत नाही. त्या किरकोळ, कायदेशीर आणि क्वचित असाव्यात, असं म्हणते. गैरवर्तनाचं तिथलं उदाहरणही नेमकं आहे : स्की बनवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी क्रीडा मासिकाच्या स्तंभलेखकाला महागड्या स्की भेट देतो, या अपेक्षेने की तो त्याबद्दल चांगलं लिहील. आयपीआरएच्या 2011 च्या संहितेत तेरावं कलम आहे : लोकप्रतिनिधी, माध्यमं किंवा इतर संबंधितांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, आर्थिक वा इतर कोणतंही आमिष दाखवू नका, देऊ नका. एका संहितेची कसोटी वस्तूच्या किमतीची आहे, दुसरीची हेतूची. टिपणवही आणि पेन पहिल्या कसोटीवर सहज उतरतात. दुसऱ्या कसोटीवरही उतरतील, पण विमानभाड्याला हात लागला की दोन्हींचे रस्ते वेगळे होतात : पहिलीत ते 'किरकोळ' नाही म्हणून अडतं, दुसरीत ते आमिष आहे की कारखाना दाखवण्याचा आवश्यक खर्च यावर वाद होतो. जर्मन परिषदेने पत्रकारांशी वागण्याबद्दल वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. म्हणजे नुसती संहिता वाचून तिथलं उत्तर मिळणार नाही, सोबतची तत्त्वंही पाहावी लागतात.

या प्रसंगात देशोदेशीचं वास्तवही येतं. रशियात पैसे देऊन छापून आणलेल्या मजकुराला 'झाकाझुखा' म्हणतात, 'ऑर्डर' या अर्थाच्या शब्दावरून. पत्रकाराच्या हाती ठेवायच्या पैशांचं पाकीट चीनमध्ये लाल असतं, नायजेरियात तपकिरी. 2001 मध्ये मॉस्कोतल्या एका जनसंपर्क कंपनीने अस्तित्वातच नसलेल्या दुकानाचं पत्रक 21 प्रकाशनांना पाठवून पाहिलं. 13 प्रकाशनं पैसे घेऊन ते बातमी म्हणून छापायला तयार झाली. त्यानंतर आयपीआरएने माध्यमांतल्या पारदर्शकतेची मोहीमच हाती घेतली. संहितेत बंदी आणि व्यवहारात सर्रास, असा देश तक्त्यात कसा मांडायचा? मी दोन ओळी ठेवतो, 'लिहिलेलं' आणि 'चालणारं', आणि दुसरी ओळ फक्त जाहीर झालेल्या, तपासता येणाऱ्या घटनांवरून भरतो. कुजबुजीवरून एखाद्या देशावर शिक्का मारणं हा त्या देशातल्या सरळ काम करणाऱ्यांवर अन्याय आहे.

दुसरा प्रसंग मुखवट्याच्या संघटनेचा. नाव नागरिकांचं, पैसा क्लायंटचा. आयपीआरएचं दहावं कलम यावर बोट ठेवतं : एक उद्देश जाहीर करून प्रत्यक्षात दुसऱ्याच लपवलेल्या हितासाठी चालणारी संघटना उभी करू नका, वापरूही नका. पीआरएसए सांगते, ज्यांची बाजू मांडता त्यांच्या प्रायोजकांची नावं उघड करा. आणि सार्वजनिक सुनावणीत पैसे देऊन आणलेली माणसं स्वयंसेवक म्हणून उभी करणं हे तिच्या गैरवर्तनाच्या उदाहरणांतच आहे. जर्मनीचं डॉइचे बान प्रकरण वर आलंच. इथे तिन्ही व्यवस्था एका बाजूला आहेत, आणि एकमत आहे हे कळणंही उपयोगाचं : एखाद्या देशातला सहकारी 'आमच्याकडे चालतं' म्हणाला तर तुमच्यामागे तीन परंपरांचं बळ असतं.

निकालावरच्या फीचा प्रसंग स्वतः चालवून पाहा. त्यात मौन बरंच सापडेल.

पायरी 7 : कायदा शेजारच्या रकान्यात

संहिता आणि कायदा एकमेकांत मिसळू नका, पण शेजारी ठेवा. अमेरिकेत परदेशी सरकारांसाठी काम करणाऱ्यांची नोंदणी 1938 च्या कायद्याने लागते, परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्यावर 1977 चा कायदा आहे, आणि जाहिरातदाराशी असलेला आर्थिक संबंध शिफारस करताना उघड करावा, हे ग्राहक-संरक्षण यंत्रणा पाहते. ब्रिटनचा 2010 चा लाचविरोधी कायदा खासगी व्यक्तींमधल्या लाचेलाही लागू आहे. युरोपीय संघाची पारदर्शकता नोंदवही 2011 ची. एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा : जिथे वृत्तपत्र किंवा वाहिनी सरकारी मालकीची आहे, तिथला पत्रकार लाचविरोधी कायद्यात 'परदेशी अधिकारी' ठरू शकतो. मग त्याला दिलेलं पाकीट हा नुसता संहितेचा प्रश्न राहत नाही.

कायदा पाळूनही नीती कशी सुटते, याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण 1990 चं. इराकने कुवेतवर केलेल्या आक्रमणानंतर 'सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेत' या मंचासाठी हिल अँड नोल्टन ही एजन्सी काम करत होती. मंचाचा जवळपास सगळा पैसा कुवेत सरकारचा. 10 ऑक्टोबर 1990 रोजी वॉशिंग्टनमधल्या सुनावणीत नायिरा नावाच्या 15 वर्षांच्या मुलीने, इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या अर्भकांना इनक्युबेटरमधून काढून मरायला सोडलं, अशी साक्ष दिली. ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची मुलगी होती, हे जनतेला 1992 मध्ये कळलं. परदेशी सरकारांसाठीच्या कामाची कायद्याने नोंद होते, पण ती नोंद सरकारी दप्तरात असते. पडद्यावर साक्ष पाहणाऱ्या माणसासमोर नसते. हे प्रकरण आयपीआरएच्या दहाव्या कलमातून, पीआरएसएच्या प्रायोजकाच्या नियमातून आणि अथेन्सच्या अकराव्या कलमातून चालवून पाहा. एका तासाचा सराव आहे आणि पूर्ण पद्धत हातात बसते.

पायरी 8 : तक्ता आणि त्यातून नियम

तक्त्याच्या आडव्या ओळी म्हणजे संहिता, उभे रकाने म्हणजे प्रश्न : आवृत्ती आणि वंशावळ, कोण बांधलं, क्रियापदाचा जोर, तक्रार कोणाची, शिक्षा आणि प्रसिद्धी, प्रत्येक प्रसंगाचं उत्तर कलम क्रमांकासह, शेजारचा कायदा. गुण देऊ नका. 'जर्मनी 8, अमेरिका 6' असे आकडे दिसायला छान असतात, पण त्यांनी व्यवस्थांच्या धाटणीतला फरक पुसला जातो.

कंपनीचा अंतर्गत नियम करताना सगळे म्हणतात, सर्वांत कडक कलम घ्या. बहुतेक ठिकाणी हे चालतं. अडतं ते दोन कलमं एकमेकांवर आदळतात तेव्हा. गोपनीयतेचं सर्वांत कडक कलम सांगतं, क्लायंटचं नाव बाहेर जाऊ देऊ नका. पारदर्शकतेचं सर्वांत कडक कलम सांगतं, पाठवणाऱ्याचं नाव द्या. दोन्ही एकाच वेळी कडकपणे पाळता येत नाहीत. म्हणून नियमावलीत प्राधान्यक्रम लेखी हवा. माझा क्रम असा : जनतेपुढे मजकूर जात असेल तर पाठवणाऱ्याचं नाव आधी, क्लायंटला ते मान्य नसेल तर काम घ्यायचं नाही. गोपनीयता त्याच्या व्यापारी माहितीपुरती, त्याच्या अस्तित्वापुरती नव्हे.

दुसरी व्यवहाराची गोष्ट. स्थानिक भागीदार एजन्सी कोणत्याच संघटनेची सदस्य नसेल तर तिला कोणतीही स्वेच्छेची संहिता लागू नाही. मग हवी ती कलमं करारातच लिहा, संहितेचं नुसतं नाव नव्हे, कलमाचा पूर्ण मजकूर. आणि तक्त्यावर पुढच्या तपासणीची तारीख घाला. कृत्रिम बुद्धिमत्तेवर पीआरएसएचं मार्गदर्शन आणि आयसीसीओची वॉर्सा तत्त्वं दोन्ही 2023 मध्ये आली. त्याआधीचा तक्ता या विषयावर मौन दाखवेल.

आज तेच चार देशांचं टिपण लिहायचं झालं तर पहिल्या तीन ओळी अशा असतील. पत्रकारांचं विमानभाडं आपण देणार नाही. कारखान्यात आल्यावर स्थानिक वाहन आणि जेवण आपलं, आणि तेही निमंत्रणात लिहिलेलं. नागरिक मंचाच्या प्रत्येक पत्रकावर, पहिल्या पानावर, क्लायंटचं नाव. आणि स्थानिक एजन्सीला मासिक ठरावीक रक्कम. बातमी मोजून पैसे नाहीत, कारण बातमी मोजून पैसे मिळू लागले की त्यातला काही भाग बातमी छापणाऱ्याच्या पाकिटात जायला वेळ लागत नाही.